टाकीतली टोपी

सृष्टीत काहीच नष्ट होत नाही, फक्त रूप बदलतं. हा थोर विचार आमच्या कारखान्याच्या भिंतीवर फूटभर अक्षरांत रंगवला आहे. रंगवणाऱ्याची शिडी मात्र दुसऱ्याच दिवशी नष्ट झाली आणि अजून कुठल्याही रूपात सापडलेली नाही.

आम्ही ओला कचरा पाण्यासकट पोलादी टाकीत कोंडून दाबाखाली शिजवतो. दोनशे अंश, पाच तास. निवल्यावर काळा कोळसा निघतो, तो शेतात घालतात. कुकरच म्हणा, फक्त याची शिट्टी झाली तर ऐकायला कोणी उरत नाही.

बारा वर्षं ही टाकी दादांनी सांभाळली. तीन महिन्यांपूर्वी ते गेले आणि ती माझ्या गळ्यात पडली.

त्या दुपारी दादांच्या बायको, आमच्या वहिनी, धापा टाकत आल्या.

"भाऊजी, थांबवा ते! सूनबाईनं ह्यांची टोपी कचऱ्यात टाकली."

"ओल्या?"

"तिला सडका कोबी वाटला. मी मुद्दाम धुतली नव्हती हो. ह्यांचा वास तेवढाच उरला होता."

आच बंद झाली होती, पण दाबाचा काटा अजून वीसवर होता.

"वहिनी, आत्ता उघडलं तर आपण तिघंही दादांकडे."

"तिघं?"

त्यांनी मागे पाहिलं. कोणी नव्हतं. मी तिघं का म्हणालो, देव जाणे.

वहिनी बादली पालथी घालून बसल्या. पाच वाजता दाबाचा काटा शून्यावर आला आणि टाकीतून आवाज आला. ठक ठक. मग थांबून, ठक.

निवताना पोलाद वाजतं, हे मला पाठ आहे. पण झाकण उघडण्याआधी दादा पान्यानं अगदी असंच वाजवायचे. मी पाहिलं, पाना खुंटीवरच होता.

"उघडा ना," वहिनी म्हणाल्या, "ते खोळंबलेत."

मी पाना घेतला आणि झाकण उघडलं. आत काळा लगदा. टोपी कुठली मिळायला! तरी सळईनं ढवळल्यासारखं केलं. जळक्या साखरेचा, धुराचा, चिखलाचा वास अंगावर आला.

वहिनींनी डोळे मिटले. "हाच," त्या पुटपुटल्या. "टोपीला हाच होता. रोज हाच घेऊन यायचे."

माझ्या मानेवर गार वारा आला. खिडक्या बंद होत्या. वहिनींनी डोळे उघडले, माझ्या खांद्यामागच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या,

"घरी येणार असाल, तर आधी आंघोळ करून या."