हरणीची साखळी, अतुलचा पाय

मित्रांनो, रिकाम्या गोठ्यात गंजत पडलेली मी एक जुनी साखळी आहे. वारा आला की किणकिणते, एवढंच माझं बोलणं.

बिडकीनच्या बाजारात पाल ठोकून बसलेल्या घिसाड्यानं मला घडवलं. एकेक कडी लाल करायची, वाकवायची, पाण्यात विझवायची. चुर्रर्र! मग कडूबा नावाच्या शेतकऱ्यानं मला घरी नेलं आणि त्याच्या हरणी गाईच्या गळ्यात घातलं. हरणीचं अंग मोठं ऊबदार. ती रवंथ करायची आणि तिच्या तालावर मी हलायची. उजाडलं की कडूबाची बायको मुक्ताबाई मला सोडायची, हरणी रानात जायची. बांधणं म्हणजे जपणंच असतं, असं तेव्हा मला वाटायचं.

पुढं शिवार कारखान्यांच्या पट्ट्यात गेलं. चरायला रान उरलं नाही, कडूबाही वारला. मुक्ताबाईनं हरणी विकली. पण आमच्याकडं जनावर विकलं तरी त्याचं दावं देत नाहीत. दाव्याबरोबर गोठ्याची लक्ष्मी जाते म्हणतात. म्हणून हरणी गेली आणि मी राहिले.

मुक्ताबाईचा मुलगा अतुल वाळूजला कंपनीत लागला होता. हळूहळू त्याला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले. मशीन त्याच्या नावानं हाका मारते, असं म्हणायचा. काम सुटलं. मुक्ताबाईनं त्याला एका खाजगी दवाखान्यात भरती केलं. तिथून तो काळीनिळी मनगटं घेऊन परतला. दिवसदिवस पलंगाला बांधून ठेवायचे, पाणी मागितलं तरी सोडत नव्हते. मुक्ताबाईनं ती मनगटं मांडीवर घेतली, आणि पुन्हा दवाखान्याचं नाव काढलं नाही.

एकदा अतुल कुणाच्या तरी हाकेमागं धावत हमरस्त्यावर ट्रकसमोर गेला. शेजाऱ्यांनी ओढून आणला. त्या दिवशी मुक्ताबाई गोठ्यात आली आणि तिनं मला पदरानं पुसलं.

"परक्याची दोरी नको माझ्या लेकराला," ती म्हणाली. "तू घरची हायेस. लक्ष्मी हाये तुझ्यात. तूच सांभाळ त्याला."

टोचू नये म्हणून तिनं लुगड्याची मऊ चिंधी गुंडाळली आणि मला अतुलच्या पायात घालून कुलूप लावलं, माझं दुसरं टोक खोलीच्या भिंतीतल्या कडीत अडकवलं.

मित्रांनो, हरणीला रोज सकाळी सोडायचे. अतुलची सकाळ झालीच नाही. चिंधी विटली, तिच्याखाली कातडं सोललं. मी पुरेन तेवढंच त्याचं जग. चालून चालून जमिनीवर अर्धगोल उमटला. गावातली पोरं दारातून डोकावायची आणि पळून जायची. मग तो मलाच कुरवाळत विचारायचा, "तुला तरी करमतं का गं इथं?" मी नुसतीच वाजायची. एवढे जवळ होतो आम्ही, आणि एवढे एकटे. बाहेर मुक्ताबाई भाकरी थापता थापता गुणगुणायची:

लेकाच्या पायाला
कुलूप ग माझ्या हाती,
सांग ग काळे माती,
कुणाला बोल लावू?

एके दिवशी घरोघरी आरोग्याचं काम करणारी गावातली आशाताई रत्नमाला शेजारच्या बाळंतिणीची चौकशी करून जाताना माझा आवाज ऐकून आत आली. तिनं अतुलचा पाय पाहिला.

"मुक्तामावशी, सोडा आधी त्याला. साखळीनं बांधणं कायद्यानं बंद हाये. घरात बी अन् दवाखान्यात बी."

"व्हय का? मंग तुझा कायदा सडकंवर हुबा ऱ्हाईल का, ट्रक आडवायला?"

रत्नमाला तिथंच जमिनीवर बसली. "नाय ऱ्हाणार. पण सरकारी दवाखान्यात औषध भेटतं. मी संग येते."

"तिथं बी बांधतेतच."

"मनाला येईल तसं नाय बांधता येत, मावशी. जिवावर बेतलं अन् दुसरा इलाजच नसला तरच. ते बी मनाच्या डाक्टरच्या हुकमानं, तेवढ्या वखतापुरतं. शिक्षा म्हणून तर नायच. अन् तुम्हाला कळवावंच लागतं. नाय कळवलं तर तक्रारीला मंडळ हाये. आपुन दोघी जाऊ. मी लई भांडखोर हाये."

"ते अख्ख्या गावाला ठावं हाये," मुक्ताबाई म्हणाली. हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला. "पण पोरगं पळालं तर? मेलं तर?"

"एक हात तुम्ही धरा, एक मी धरते."

मुक्ताबाईनं कनवटीची किल्ली काढली. मग तिनं कुलूप काढलं. मी गळून पडले.

अतुल उठला, चालला, आणि अर्धगोलाच्या कडेला जाऊन थांबला. पुढं त्याचा पायच निघेना. मुक्ताबाईनं वाकून त्याच्या उघड्या घोट्यावर हात ठेवला. "काय नाय रं आता. बघ." मग उठून तिनं त्याचा हात करकचून धरला.

"एवढं आवळू नका, मावशी," रत्नमाला हळूच म्हणाली.

मुक्ताबाईनं बोटं सैल केली, पण हात सोडला नाही. अतुलनं पाऊल पलीकडं टाकलं.

औषधं चालू आहेत म्हणे. आवाज अजून येतात, पण आता तो ते आईला सांगतो.

मित्रांनो, कुठं कुणी असं बांधलेलं दिसलं तर पळून जाऊ नका. मोठ्यांना सांगा, आशाताईंना सांगा, पोलिसांना सांगा. आणि जमलं तर त्याच्याशी दोन शब्द बोला. मी बोलू शकले नाही. मला मात्र पुन्हा कुणाच्या पायात घालू नका. मी एकटी राहीन. लोखंडाला ते जमतं, माणसाला नाही.