मिठाचा नवस आणि बंद पडलेली मी

मी एक जुनी अधिवृक्क ग्रंथी आहे. नाव भारदस्त आहे, पण मी स्वतः अगदी चिमुकली. पवनी गावच्या कीर्तीच्या मूत्रपिंडावर टोपीसारखी बसते. दुसऱ्या मूत्रपिंडावर माझी जुळी बहीण आहे. आम्हाला कधी कुणी पाहिलं नाही, म्हणून कौतुकही केलं नाही. त्याचा मला जरा रागच आहे.

मित्रांनो, माझा कारखाना मोठा नामी होता. कच्चा माल कोलेस्टेरॉल, ज्याला तुम्ही उगाच शिव्या घालता! विकरं, म्हणजे एन्झाइम्स, हे माझे कामगार. एक त्याची शेपटी छाटायचा, दुसरा आकार बदलायचा, तिसरा प्राणवायूचा कण नेमक्या जागी जोडायचा. शेवटी संकटात तग धरायला कॉर्टिसॉल आणि अंगातलं मीठ धरून ठेवायला अल्डोस्टेरॉन तयार व्हायचं. कीर्ती दिवसभर हातमागावर बसून गुणगुणायची, ती माझ्या जिवावर.

गेल्या वर्षी रोगजंतूंशी लढणाऱ्या शरीराच्याच पहारेकऱ्यांचं डोकं फिरलं. प्राणवायू जोडणाऱ्या माझ्या हुकमी कामगाराला चोर समजून त्यांनी माझा सगळा कारखानाच मोडला, बहिणीचाही. कीर्ती वाळली, काळवंडली, येता-जाता मीठ चाटू लागली. तिची सासू शोभाताई मोठी मायाळू. त्यांनी देवापुढे हात जोडले, "माही सून बरी होयेपर्यंत या घरात जेवणात मीठ पडणार नाही!"

झालं! सगळं घर अळणी जेवू लागलं. कीर्तीचा नवरा अनुप तोंड वाकडं करत वरण गिळायचा. मी आतून आकांत करत होते, पण ऐकणार कोण? थोड्याच दिवसांत कीर्ती मागावरच कोसळली.

तिला भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टर रीतांनी तिचा तळहात उघडून पाहिला.

"ही एवढी काळी काहून पडली?"

"उन्हानं," शोभाताई म्हणाल्या.

"मागावर बसते ना? मग ऊन कुठलं? अन् तळहाताच्या रेघाही काळ्या? मीठ खावंसं वाटते का इले?"

"लय वाटते. म्हणून तर नवस बोलली. घरातलं मीठच बंद केलं."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो बाई, इच्या अंगात मीठ टिकूनच नाही राहिलं, अन् तुम्ही ताटातलंही काढलं!"

इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, रक्त तपासलं. कीर्तीनं डोळे उघडले तेव्हा शोभाताई रडत होत्या, "माह्याच हातानं मारत होती मी इले!"

डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या जन्मभर. शोभाताई दचकल्या. "जन्मभर? मंग नवस कधी फिटन?"

कीर्ती हसली. "आई, गोळी घेऊन बरीच राहीन मी. वरणात मीठ टाका आता." पलीकडे अनुपनं सुटकेचा नि:श्वास सोडला.

मित्रांनो, माझा कारखाना काही पुन्हा सुरू होणार नाही. वाईट वाटतं, लपवू कशाला? पण माझं काम गोळ्या करतात आणि कीर्ती पुन्हा गुणगुणते. माझी एकच विनवणी आहे. सतत थकणाऱ्या माणसाला आळशी म्हणू नका, दवाखान्यात न्या. अशा गोळ्या मनानं कधी बंद करू नका, आणि ताप आला तर डोस वाढवावा लागतो, म्हणून लगेच डॉक्टरांना विचारा.

आमच्या घरी ती काळजी नाही. रोज सकाळी शोभाताई गोळी नि पाण्याचा गिलास घेऊन मागाची वाट अडवून उभ्या राहतात.

"पहिले गीळ," त्या म्हणतात, "मंग बस."