दर्याशी अबोला

वरळी कोळीवाड्यातल्या गुणवंतीचा दर्याशी अबोला होता. सात वर्षांपूर्वी नवऱ्याची, धोंडूची होडी परत आली, धोंडू आला नाही. तेव्हापासून नारळी पुनवेला अख्खा कोळीवाडा नटूनथटून किनाऱ्यावर जायचा आणि ही बाई दार लावून घरात बसायची. मागच्या खिडकीतून पाणी दिसायचं, म्हणून तिनं खिडकीसमोर कपाट आणून ठेवलं. आता एवढ्या मोठ्या दर्याला एक कपाट किती पुरणार? भरतीचा आवाज यायचाच.

यंदा तिच्या केतननं नवी बोट बांधली. रंग झाला, नाव झालं, पण बोट काही पाण्यात जाईना. पुनवेचा नारळ आईनंच वाहायचा, नाहीतर बोट घालणार नाही, असा त्याचा हट्ट. "माझ्या हातचा नारळ दर्याला मिळायचा नाय," असा तिचा. पोरगा कुणावर गेला होता ते सांगायला नको. शेवटी सून किर्तीनं तोडगा काढला. एकवीरेला जाऊ, बोटीचा नारळ देवीच्या पायाला लावून आणू, पुढचं पुढे. देवीला नाही कोण म्हणणार?

दर्शन झालं, नारळ गुणवंतीच्या पिशवीत आला, आणि परतताना किर्तीला घाटमाथ्यावरची बाग बघायची हुक्की आली. बाग कसली, झाडांना पाट्या लावलेलं रानच ते. ओल्या धुक्यात रानहळदीची गुलाबी फुलं मध्येच दिसत, मध्येच विरत. पुढे ठाकरांची कुडाची घरं उभारली होती आणि चुलीचा धूर धुक्यात मिसळत होता. गुणवंतीला सगळं झोपेत दिसावं तसं दिसत होतं. मोबाईलवर फोटो काढणारी किर्ती आणि केतन कधी मागे राहिले, तेही तिला कळलं नाही.

जांभळीखाली लाकडी फळीवर कोरलेला वाघ उभा होता. वर चंद्र-सूर्य, अंगभर शेंदूर. बागेत कामाला असलेली राधाबाई ठाकरीण त्याच्यापुढं फूल ठेवत होती.

"हा कोण देव?" गुणवंतीनं विचारलं.

"वाघदेव. माझ्या आज्याला वाघानंच नेला."

"आणि तरी त्यालाच फूल?" गुणवंतीचा आवाज चढला. "राग नाय येत?"

"येतो की. आजी तर त्याला शिव्या घालून शेंदूर लावायची." राधाबाई हसली. "पण लाकडाला त्याच रानात जायचं, पोरंबी तिथंच जायची. मग अबोला धरून कसं चालंल, बाई?"

गुणवंतीला एकदम रडू आलं. रडणं कुणाला दिसू नये म्हणून ती तशीच चालत कठड्यापाशी गेली.

खाली दरी नव्हतीच. होतं ते पांढरं पाणी, काठोकाठ. लाटेवर लाट चढत होती, झाडं बुडत होती, वारा घोंगावत होता. जन्मभर पाणी वाचलेल्या बाईला आणखी काय सांगायचं? भरती लागली होती.

"इथवर आलास व्हय रे?" ती पुटपुटली. "मी येत नाय म्हणून?"

धुकं तिच्या पायांपर्यंत चढलं. गुणवंतीनं पदर खोचला, चपला काढल्या. नारळ कपाळाला लावला.

"मेल्या, माझा नेलास," ती म्हणाली. "पोराला सांभाळ."

आणि तिनं नारळ सोडला. पडल्याचा आवाजही आला नाही.

शिट्टी वाजवत बागेचा रखवालदार धावला. "ओ मावशी! दरीत काय टाकायचं नाही!" त्याच्या मागोमाग केतन. "आये! बोटीचा नारळ व्हता तो!"

"बोटीचाच दिला," गुणवंती म्हणाली. "माझ्या हातानं दिला."

केतननं आईकडं पाहिलं, मग त्या पांढऱ्या पाण्याकडं. त्यानंही चपला काढल्या आणि हात जोडले. रखवालदार बिचारा शिट्टी हातात धरून उभा राहिला.

डोळे पुसून गुणवंती वळली. "बोट घाल पाण्यात," ती म्हणाली. "आणि घरी गेल्यावर पयलं ते कपाट सरकव. तू येताना मला दिसला पायजेस."