रानसुपारीची तीस पाकिटं

अवनी आली तेव्हा निकिता दूध पिता पिता माझ्या मांडीवर झोपली होती. अवनीच्या बुटांना जंगलातला लाल चिखल होता. मी आधी तोच पाहिला. त्या चिखलात माझे पाय असायला हवे होते.

चार वर्षं रानसुपारी माझी होती. सह्याद्रीच्या दोनच ओल्या खोऱ्यांत उरलेलं, सुपारीच्या कुळातलं बुटकं झाड. मी बाळंतपणाच्या रजेवर गेले आणि प्रयोगशाळेच्या सरांनी तिच्या अभ्यासाचं काम अवनीला दिलं. जंगलात जायला निघताना तिने फोन केला होता, "ताई, काही खास सांगायचंय?"

"सगळं वहीत आहे," मी म्हणाले.

नव्हतं. या झाडाच्या बुडातून जमिनीखालून कोंब फुटत जातात. दहा झाडं दिसतात, असतं एकच. म्हणून एक पान घेतलं की तीस पावलं सोडून दुसरं घ्यायचं. हे मला तिथल्या मुक्ताईंनी दाखवलं होतं. वहीत लिहायचं राहिलं होतं, आणि त्या दिवशी सांगायचं मी राहू दिलं.

अवनीने प्रयोगशाळेतला फोटो चहाच्या कपाशेजारी ठेवला. तीस पाकिटांतल्या तीस पानांचे डीएनए-पट्टे, सगळे हुबेहूब सारखे.

"सर म्हणतात, या खोऱ्यात विविधताच उरली नाही. उद्याच्या अहवालात ते राखीव यादीतून काढायचं."

"छान. निकिताच्या बाबांच्या सॉफ्टवेअर कंपनीत जा तू. तिथे सगळं सारखं आलं की बढती देतात."

ती हसली, पण डोळे भरले होते. "ताई, माझं काही चुकलं का हो?"

'नाही' म्हटलं असतं तर संपलं असतं. तिचं नाव, आणि ते खोरंही. निकिताच्या ओठांवर दुधाचा थेंब होता, तो मी पदराने टिपला.

"पानं कुठून घेतलीस?"

"एकाच चढावरून, ओळीने."

"तीस पावलं सोडायची असतात. नाहीतर एकाच झाडाची पानं येतात."

"वहीत नव्हतं."

"नव्हतं. मला माहीत होतं."

"मुद्दाम?"

"हो."

चहा तिने घेतला नाही. उठून आमच्या फोनवरून सरांना लावला. "सर, अहवाल थांबवा. नमुने चुकीचे घेतले गेलेत. माझ्याकडूनच…"

हा मोठेपणाही तिनेच घ्यायचा! निकिताला खांद्यावर टाकून मी उठले आणि रिसीव्हर तिच्या हातातून काढून घेतला.