बर्फ : निरंक

गावाच्या वरच्या अंगाला, मशिदीच्या मागे, झडपांची एक पांढरी पेटी उभी आहे. तिच्यात दोन तापमापक आहेत आणि शेजारी सेंटीमीटरच्या खुणा असलेला लाकडी खांब आहे. रोज सकाळी साडेआठला मी तिथे जातो. रात्री किती गार झालं, आदल्या दिवशी किती ऊब होती, बर्फ किती पडलं, हे नोंदवहीत लिहितो. एकतीस वर्षं लिहितो आहे. माझं नाव सनाउल्ला मागरे, पण लोक मला मौसमसाब म्हणतात आणि उद्या काय होईल ते विचारतात. बाबांनो, मी ज्योतिषी नाही, काल झालं ते लिहिणारा कारकून आहे, असं मी दरवेळी सांगतो. कुणी ऐकत नाही.

त्या वर्षी डिसेंबरभर मी बर्फाच्या रकान्यात ‘निरंक’ लिहीत होतो. एकवीस तारखेला चिल्लै कलां लागलं, म्हणजे आमच्या हिवाळ्याचे सगळ्यात कडक चाळीस दिवस. त्या दिवशी दुपारी पारा साडेतेरावर होता. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, साडेतेराच होता. माणसं अंगाशी धरायच्या निखाऱ्यांच्या कांगड्या घरी ठेवून हिंडत होती, वरच्या कुरणात पिवळं गवत उभं होतं आणि पाहुण्यांना बर्फावर घसरायला नेणारी पोरं दुकानाच्या ओट्यावर पत्ते कुटत बसली होती.

‘निरंक’ लिहिताना मला आनंद व्हायचा. हे आताच सांगून टाकतो. उगाच मागाहून कबुली देण्यात अर्थ नाही.

माझा एकुलता मुलगा बशारत त्याआधीच्या मार्चच्या नऊ तारखेला वरच्या घळीत गेला, तो परत आला नाही. बर्फावर घसरायला येणाऱ्यांचा तो वाटाड्या होता. बर्फाचा कडा सुटला तेव्हा त्याच्याबरोबरचे दोन पाहुणे बाजूला फेकले गेले आणि वाचले. बशारत मिळाला नाही. अकरा दिवस लांब सळया खुपसून शोधलं. जूनमध्ये घळ उघडी पडली तेव्हा त्याचा एक हातमोजा सापडला. पण अगदी तळाशी, जिथे दोन्ही बाजूंचे खडक जवळ येतात, तिथे त्या सुटलेल्या कड्याचं बर्फ दोन पुरुष उंच साचून दगड झालं होतं. कुदळ मारली की कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या. सफरचंदं उतरवायचे दिवस येईपर्यंत गावचे तरुण माझ्याबरोबर आले. पुढे मी एकटा जायचो.

दर तिसऱ्या दिवशी मी ते जुनं बर्फ पावलांनी मोजत असे. ऑगस्टअखेर एकसष्ट पावलं होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या जुम्म्याला अठ्ठेचाळीस. इतर कुठल्याही वर्षी तोवर नवं बर्फ पडून घळ मिटली असती, ती थेट मेपर्यंत. या वर्षी आभाळ कोरडं ठणठणीत होतं आणि दुपारचे दोन तास घळीत ऊन उतरायचं. डिसेंबरच्या मध्याला पस्तीस पावलं उरली. असंच चाललं तर फेब्रुवारी संपेपर्यंत तळ उघडा पडेल आणि माझा मुलगा मला मिळेल, त्याला मी स्वतःच्या हाताने अंघोळ घालीन, कबरीत ठेवीन. सगळ्या खोऱ्याला बर्फ हवं होतं. मला नको होतं.

शीळ पहिल्यांदा ऐकली ती घळीतच, पावलं मोजताना. बशारत दोन बोटं तोंडात घालून शीळ घालायचा. घरी येताना ओढ्यापलीकडून एकदा घालायचा आणि त्याची आई हाजरा खारा चहा चुलीवर चढवायची. मी पावलं मोजायचा थांबलो. वारा असेल म्हणून सोडून दिलं असतं, पण त्या दिवशी वारा नव्हता. गवताचं पातं हलत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती शीळ देवदारांतून आली, म्हणजे निम्म्या वाटेवरून. पुढच्या आठवड्यात ओढ्यापलीकडून.

बर्फ पडलं की आमचं गाव बहिरं होतं. शेजारच्या घरात भांडण चाललं तरी कळत नाही. त्या वर्षी बर्फ नव्हतं आणि सगळं ऐकू यायचं. कोसभरावरच्या कुत्र्याचं भुंकणं यायचं, डोंगरावरून सुटलेल्या एका खड्याचा आवाज शेवटपर्यंत ऐकू यायचा. मी हाजराला काही बोललो नाही. उन्हाळ्यात मौलवींनी सुचवलं होतं, की देह नसला तरी गायबाना जनाजा, म्हणजे समोर नसलेल्या मयतासाठीची नमाज, वाचता येतो. तेव्हा ती त्यांना म्हणाली होती, की मी ज्याला मेलेला पाहिला नाही त्याचा जनाजा माझ्या दारातून निघणार नाही. तिच्यापुढे शिळेचा विषय कोण काढणार?

इकडे गावाची दैना झाली. झरा आटत आटत करंगळीएवढा झाला. बायका टँकरची वाट पाहत तासन् तास उभ्या राहू लागल्या. पलीकडच्या उतारावर वाळल्या गवताने पेट घेतला आणि जंगल तीन दिवस धुमसलं. जानेवारीत जंगल जळताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. घोडेवाला लस्सा, ज्याची जीभ त्याच्या घोड्यापेक्षा जास्त धावते, मला चहाच्या दुकानात सगळ्यांदेखत म्हणाला, “मौसमसाब, बर्फ तुम्ही पेटीत कोंडून ठेवलंय म्हणतात. किल्ली तुमच्याकडेच असते ना? जरा फट तरी ठेवा.”

सगळे खोखो हसले. खाई त्याला खवखवे. मी त्याला म्हणालो, की तुझ्यापेक्षा तुझ्या घोड्याला जास्त अक्कल आहे, आणि अर्धा चहा टाकून उठलो. थट्टेत काय बिघडलं ते त्या बिचाऱ्याला कळलं नाही.

जानेवारीच्या पहिल्या जुम्म्याला बर्फासाठी नमाज ठरली. सगळे पुरुष ईदगाहच्या मैदानावर जमलो. नमाजेनंतर मौलवींनी आपला पायघोळ, झग्यासारखा फेरन डोक्यावरून काढला, उलटा केला आणि पुन्हा घातला. मग आम्ही सगळ्यांनी तसंच केलं. आम्ही कपडे उलटे केले, तशी तू आमची दशा उलटी कर, असा त्याचा अर्थ. दीडदोनशे माणसं शिवणी आणि अस्तरं बाहेर काढून उभी होती, तळवे जमिनीकडे, हातांची पाठ आभाळाकडे. माझ्या शेजारी लस्सा होता आणि तो रडत होता. त्याच्या घोड्यांचा चारा संपत आला होता.

मीही फेरन उलटा केला, हात पुढे केले आणि मनात म्हणालो: आत्ता नको. फेब्रुवारी जाऊ दे. माझं पोर मला दे, मग हवं तेवढं पाड.

मशिदीच्या भिंतीआड जाऊन मी फेरन सरळ करून घातला. कुणी पाहिलं नाही, असं मला वाटलं.

त्या संध्याकाळी पश्चिमेला ढग आले. मी दारात उभा राहून त्यांच्याकडे पाहत होतो. सकाळी आभाळ घासून ठेवल्यासारखं स्वच्छ होतं आणि मी पुन्हा निरंक लिहिलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, हे मी जन्मभर लोकांना सांगत आलो. पण लागोपाठ तीन वेळा ढग आले आणि तीन वेळा गेले, तेव्हा मी घाबरलो. एवढं गाव एका बाजूला, मी एकटा दुसऱ्या बाजूला, आणि अल्ला माझं ऐकत होता. टँकरपाशी उभ्या बायकांसमोरून मान खाली घालून जायचो. शीळ आता ओढ्याच्या अलीकडून यायची. एका दुपारी आमच्याच अंगणातून आली, कुंपणाच्या आतून. मी बाहेर धावलो. उन्हात कोंबड्या माती उकरत होत्या आणि दुसरं कोणी नव्हतं.

सतरा तारखेला हाजरा टँकरवरून आली. दोन कळशा नेल्या होत्या, दोन्ही निम्म्याच भरल्या होत्या. त्या खाली ठेवून ती माझ्यासमोर बसली.

“तुम्हाला शीळ ऐकू येते,” ती म्हणाली. विचारत नव्हती, सांगत होती.

मी म्हणालो, “तुला कधीपासून?”

“टँकर यायला लागला तेव्हापासून. तो एकदाच घालायचा आणि घरात यायचा. आता घालतच राहतो. दारापर्यंत येतो आणि थांबतो.” तिने कळशीवर झाकण ठेवलं. “त्या जुम्म्याला सगळ्या गावचे पुरुष उलट्या फेरनात घरी आले. तुमच्या फेरनची शिवण आत होती. मी बारा दिवस गप्प राहिले, म्हटलं आपणहून सांगतील.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी माझा आकडा काढलाच. म्हणालो, की सोळा पावलं उरलीत, महिनाभर असंच राहिलं की तो मिळेल, फक्त महिनाभर कळ काढ.

“मेलेल्याला माती मिळते,” हाजरा म्हणाली. “त्याला मातीच्या जागी बर्फ मिळालं होतं. तेही तुम्ही त्याच्या अंगावरून रोज थोडं थोडं ओढताय. आणि वर मोजताय.”

मी संतापलो. जनाजा कुणी होऊ दिला नाही, मौलवींना दारातून परत कुणी पाठवलं, असं तिला नको तितक्या मोठ्याने विचारलं. ती शांतपणे म्हणाली, “मीच. चुकलं माझं. म्हणून तर तो दारात ताटकळत उभा आहे. आपण दोघांनी मिळून त्याला ना आत येऊ दिलं, ना जाऊ दिलं.”

मी दोन्ही कळशा उचलून आत ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर घळीत आली. गुडघे धरून, दर वळणावर बसत, पण आली. जुनं बर्फ आता राखाडी, मातीने माखलेलं, कडेने पाणी झिरपत असलेलं होतं. तिने त्यावर हात ठेवला, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि बराच वेळ ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “काढा फेरन.”

मी फेरन काढला. तिने तो स्वतः उलटा केला, झटकला आणि माझ्या डोक्यातून घातला. मी तळवे खाली केले. ती वाट पाहत राहिली. शेवटी मी मोठ्याने म्हणालो, “पाड.” एवढंच म्हणालो. तेवढ्यासाठी मला सगळं बळ लागलं. खाली येताना मी पावलं मोजली नाहीत.

त्या जुम्म्याला गावाने बशारतचा गायबाना जनाजा वाचला. लस्साने माझा हात धरून ठेवला होता. पण जनाजा संपला आणि सगळ्यांना एकदम सुचेना, की आता काय करायचं. कबर नव्हती. दफन झालं की प्रत्येकाने तीन मुठी माती टाकायची असते; ती कशावर टाकणार? लोक थोडा वेळ उभे राहिले आणि मग एकेक करून पांगले.

अठ्ठावीस तारखेला मी पहाटे उठलो, कारण काहीच ऐकू येत नव्हतं. कुत्रं नाही, कोंबडा नाही, ओढा नाही. कान दिला, शीळही नव्हती. खिडकी उघडली तर अंगण नव्हतं, कुंपण नव्हतं, नुसतं पांढरं होतं आणि अजून पडत होतं. थोड्या वेळाने घराघरांतून माणसं बाहेर आली आणि एकमेकांना नव्या बर्फाची मुबारकबाद देऊ लागली. लस्सा गुडघाभर बर्फातून धडपडत आला, माझ्या गळ्यात पडला, आणि मग कुणाच्या गळ्यात पडलोय ते आठवून त्याने मिठी सैल केली. मी त्याची पाठ थोपटली.

साडेआठला पेटीपाशी गेलो. खांबावर बेचाळीस सेंटीमीटर होतं. लिहून वही मिटली तर मागे हाजरा उभी होती, डोक्यावरून शाल घेऊन. डोंगर दिसत नव्हता, पण घळ कुठल्या बाजूला आहे ते आम्हा दोघांना डोळे मिटूनही सांगता आलं असतं. ती त्या बाजूला वळली, वाकली, ओंजळीत नव्हे, मुठीत बर्फ घेतलं आणि टाकलं. पुन्हा घेतलं, टाकलं. पुन्हा घेतलं, टाकलं. मग माझ्याकडे पाहिलं.

मी पहिली मूठ टाकली. दुसरी टाकली. तिसरी उघडेना. बोटं जणू माझी नव्हतीच. मी हात पुढे करून उभा राहिलो आणि मनगटावरून पाणी ओघळत बाहीत गेलं. हाजरा जवळ आली. तिने माझी बोटं एकेक करून उघडली. आत काही उरलं नव्हतं, तळहात नुसता लाल आणि ओला होता.

तिने तो शालीच्या पदराला पुसला.

“पाणी झालं,” ती म्हणाली. “दुसरी घ्या.”

मी वाकलो, नवी मूठ भरली आणि ती टाकली.