अक्षदाच्या नानकटाईत कोण काय घालतं

कुकरच्या तळाशी दोन बोटं मीठ. शिटी काढलेली, रबरही काढलेलं.

"वहिनी, इसबगोल एवढा? घरात पोट कुणाचं अडलंय?" मंचरचा वाणी.

पाच चपात्या. तिसरीच्या कडेला नखाची खूण.

दोन हजार सहाचा वैशाख. महाळुंगे पडवळात अकरा लग्नं.

पोरगी खोटं बोलताना उजव्या पायाच्या अंगठ्याकडे बघते.

*

चपातीवर नखाची खूण वैजयंतीनं केली होती. परसात जाऊन आली, की टोपलीतल्या चपात्या मोजायची. पाचच्या पाच असत, खूण जागच्या जागी असे, आणि तरीही तिच्या जिवाला चैन पडत नसे. कुणी कोरभर मोडून उरलेलं घडी घालून ठेवलं, तर कसं कळायचं?

अक्षदा तिची सात वर्षांची लेक. दीड वर्षामागे पोरगी वाळत चालली होती, हातपाय काड्या आणि पोट तेवढं नगारा. गावानं जंत म्हटलं, नजर म्हटलं. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, सीलिअॅक. तिच्या आतड्याला गव्हातलं एक द्रव्य सोसत नाही. गहू, मैदा, रवा, जव जन्मभर बंद. चिमूटभरही नको, ते म्हणाले, चिमूट पुरते.

गहू सुटला आणि तीन महिन्यांत पोरीनं अंग धरलं. पण शाळेत सगळ्यांच्या डब्यात बिस्कीट, हिच्याच नाही. मग वैजयंती भाजायला शिकली. तांदळाच्या आणि नाचणीच्या पिठाची नानकटाई, मिठाच्या कुकरात. पहिला महिना सगळा भुग्यात गेला. उचलायला जावं तर बोटांत नुसती भुकटी. गव्हाचा चिकटपणा या पिठांत नाही. तो तिनं पिकल्या केळ्यातून आणला, इसबगोलाच्या भुशीतून आणला, आणि एक दिवस नानकटाई अख्खी हातात आली.

पीठ मात्र गेणभाऊंच्या गिरणीतलं चालणार नव्हतं, तिथं दिवसभर गहू पडतो. म्हणून सासूबाईंनी, लंकाबाईंनी, गोठ्यात पालथं पडलेलं जातं बाहेर काढलं. तेव्हापासून पहाटे त्याच दळत.

आणि वैशाखात पोरगी पुन्हा पडली. एकदा नाही, तीनदा. पोट फुगलेलं, जुलाब, तोंडात पांढरे फोड.

शाळेला सुट्टी. दिवसभर पोरगी आजीपाशी. आता संशय कुणाचा घ्यायचा?

*

लंकाबाई एकदा बोलून गेल्या होत्या, "दुधात कुस्करून एवढीशी चपाती दिली तर पोरगी काय मरत न्हाई." आजार नवीन होता तेव्हाचं बोलणं. वैजयंती विसरली नव्हती.

तिनं कणकेच्या डब्याच्या झाकणावर स्वतःचा एक केस आडवा ठेवला. संध्याकाळी बघितलं तर केस होता तसाच. दुसऱ्या दिवशीही तसाच. तिला वाटलं, म्हातारी हुशार आहे.

पोरीला पोटाशी घेऊन तिनं विचारलं, "आज्जीनं काय दिलं गं आज?"

"काय न्हाय." नजर अंगठ्याकडे.

"खरं सांग, बाळा. मी आज्जीला काय बोलणार नाही."

चार दिवस असं उलटसुलट विचारल्यावर निघालं काय, तर गूळ. चोरून खाल्लेला गुळाचा खडा. वैजयंतीला तेही खरं वाटलं नाही. गूळ पुढं करून मागं काय लपवलंय, ते ती शोधत राहिली.

नवऱ्याला, गोरखला, सांगून पाहिलं. तो बाजारातून दमून आलेला.

"अगं, आई हाय ती. नातीला इख घालंल का?"

"इख म्हणून कुणी घालत नाही," ती म्हणाली. "माया म्हणून घालतात."

*

तिसऱ्या दुखण्यातून पोरगी उठली, त्या सकाळी वैजयंतीनं पिशवी भरली. तीनच्या गाडीनं ओतूरला, माहेरी.

"सुट्टी सरंपर्यंत ना?" लंकाबाईंनी विचारलं.

"बघू. शाळा पण तिकडंच बघीन म्हणते."

लंकाबाईंच्या हातातलं सूप थांबलं. "माज्या हातचं नगं, असं सरळ म्हण की."

"नकोच आहे."

"डब्यावर केस ठिवत्येस, मला दिसत न्हाई व्हय? रोज उचलते नि रोज परत ठिवते."

"मग डबा उघडायचा कशाला?"

"गोरखच्या दुपारच्या चपात्या काय तुजी आई करून धाडती?"

अक्षदा ओट्यावर बसून नानकटाई खात होती, कडेकडेनं, उंदरासारखी.

तेवढ्यात झुंबरबाई आल्या, शेजारच्या, आज त्यांच्या लेकीच्या लग्नाचा घाणा. "वैजयंते, पाचवी सवाष्ण मिळंना बघ. दोन फेरं मारून जा गं, तुला काय, आता सवय झालीया."

जायचं मन नव्हतं. पण लग्नघरी नाही म्हणायचं कसं? आणि लंकाबाईंना कुणी बोलावणार नव्हतं, त्या विधवा.

*

घाणा म्हणजे लग्नाआधीचं दळण. जात्याच्या खुंट्याला आंब्याचा डहाळा आणि हळकुंड बांधायचं, पाच सवाष्णींनी पाच-पाच मुठी गहू घालायचे, गाणी म्हणत फिरवायचं. गावात घरोघरची जाती केव्हाच अडगळीत गेलेली. चालतं जातं एकच, लंकाबाईंचं. या वैशाखात ते चौथ्यांदा मांडवात आलं होतं. संध्याकाळी दोन गडी उचलून नेत, दुसऱ्या दिवशी माघारी आणून ठेवत.

वैजयंती बसली. समोरच्या बाईनं ओवी उचलली. ताटातले गहू तिनं मुठीत घेतले, मूठ जात्याच्या तोंडावर नेली.

आणि मूठ उघडेना.

पहिल्या घाण्यानंतर चौथ्या दिवशी पोरगी पडली होती. दुसरा घाणा पाटलांच्या वाडीवर, त्यानंतर दोनच दिवसांत ती पुन्हा पडली. तिसरा... जातं कुणी धूत नाही. दगड पाणी पितो आणि मग आठवडाभर पीठ धरून बसतो. लंकाबाई फडक्यानं पुसत, आणि पहाटे त्यात नातीचे तांदूळ घालत. घाण्याचे गहू घरात कुणी खाणं म्हणून धरलेच नव्हते. तीच तीनदा इथं बसली होती. याच खुंट्याला धरून, याच हातानं.

"टाक की गं," झुंबरबाई म्हणाल्या. "झोप लागली का काय?"

वैजयंतीनं चौघींची तोंडं निरखून बघितली. कुणाला काही कळलेलं दिसत नव्हतं. दुसऱ्याच्या लेकीचं लग्न. तिनं मूठ सोडली. मग उरलेल्या चार.

*

लंकाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. पोरगी मांडीवर डोकं टेकून पेंगत होती. पिशवी दाराशीच.

"आत्या, जात्यात गहू मी टाकलाय."

"कवा?"

"आत्ता. आणि ह्याआधी तिन्ही वेळा."

लंकाबाईंना कळायला थोडा वेळ लागला. त्यांनी आधी गोठ्याकडे बघितलं, जात्याच्या रिकाम्या जागेकडे. मग सुनेकडे. त्या रडतील असं वैजयंतीला वाटलं, निदान शिव्या तरी देतील.

"टाकीवाल्याला सांगावा धाड," त्या म्हणाल्या. "नवी टाकी मारून घिऊ, छिन्नीनं दगुड वरनं खरवडून निघंल. वर पायलीभर तांदूळ भरडून गुरांना घालू. तवर पाट्यावर वाटीन मी."

"आत्या, मी तुमच्यावर..."

"पिशवी आत ठिव."

वैजयंती पिशवी उचलायला वाकली. पोरगी जागी होऊन "मम्मी" म्हणत उठली. लंकाबाईंनी तिचा फ्रॉक मागून घट्ट धरला.

"थांब गं. तुज्या आईला आदी हात धुऊ दे."

वैजयंतीनं रांजणापाशी जाऊन हात धुतले. साबणानं, मग राखेनं, मग पुन्हा साबणानं. आली.

"नखं दाखीव," लंकाबाई म्हणाल्या.

तिनं दहाही बोटं पुढं केली. म्हातारीनं एकेक बोट धरून उन्हाकडे वळवलं, डोळे बारीक करून बघितलं, करंगळीपाशी जरा जास्तच थांबली. फ्रॉक सोडला नाही.

"पुन्यांदा धू."

पुढच्या वर्षी एप्रिलात अक्षदाच्या वाढदिवसाला तांदळाचा केक झाला, तो लंकाबाईंनी भाजला आणि तो कुठंही फुटला नाही.