माझ्या चारशे एकतिसाव्या पानाची गोष्ट

मी बोलतोय. पण आधीच कबूल करतो, आजवर माझं बोलणं फारसं कुणाला कळलेलं नाही. माझं नाव ‘आधुनिक दूरसंचार प्रणालींचे सिद्धांत’. लांबच्या माणसाला निरोप कसा पोचवावा हे मी शिकवतो, आणि ते अशा भाषेत शिकवतो की समोर बसलेल्यालाही तो पोचू नये.

माझ्या लेखकांनी मला मोठ्या हौसेनं मराठीत लिहिलं. खेड्यापाड्यातल्या मुलांना इंग्रजी जड जातं, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी रिसीव्हरला ‘अभिग्राही’ केलं, अँटेनाला ‘आकाशक’ केलं, आणि मी इंग्रजीपेक्षा जड झालो. चंद्रपूरच्या एका पॉलिटेक्निकच्या वाचनालयात आलो तेव्हा पहिल्याच दिवशी एका पोरानं मला उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि मित्राला विचारलं, “हे संस्कृतचं पुस्तक इथी काऊन ठेवलं बे?”

त्यानंतर सात वर्षं मी कपाटात उभा होतो. उभा राहायचा मला अभिमान होता. आपण दुर्मीळ आहोत म्हणून कुणी हात लावत नाही, असं मी स्वतःला समजावत असे. उन्हाळ्यात ग्रंथपाल नीलिमा मॅडम मला बाहेर काढत, तेव्हा मी फुलून येई. त्या मला खिडकीत ठेवत. वाऱ्यानं तावदान आपटू नये म्हणून. माझ्या मागच्या चिठ्ठीवर तारखेचे तीन शिक्के पडले होते, त्यातला एक चुकून.

चौथा शिक्का दीपाली वेलादीचा. ती अहेरीच्याही आत, जंगलातल्या पेरमेट्याची. इंग्रजी पुस्तकं आधीच संपली होती, म्हणून तिच्या वाट्याला मी आलो. तिची घरची भाषा गोंडी. मराठी तिनं शाळेत कमावलेली, इंग्रजी कॉलेजात. तिला दोन्ही सारख्याच परक्या, त्यामुळे इतरांना वाटे तेवढा मी तिला अवघड वाटलो नाही. सगळंच अवघड, त्यात हे एक. बोट ठेवून, ओठ हलवत ती मला वाचायची. ‘अभिग्राही’पाशी आली की थांबायची, मनाशी काहीतरी जुळवायची आणि पुढे जायची. तिचा डिप्लोमा झाला त्याच वर्षी वाचनालयानं जुनी पुस्तकं काढून टाकली. नीलिमा मॅडमनी मला तिच्या हातात दिलं. म्हणाल्या, “घेऊन जा वं, नाईतर रद्दीत जाईल.”

असा मी पेरमेट्याला आलो. दीपालीला आई-वडील नव्हते, तिला वाढवलं आत्यानं. आत्या म्हणजे बुधरी, गावची आशा कार्यकर्ती. बुधरीला माझं वजन फार आवडलं. मोहफुलांच्या टोपलीवरचं झाकण कोंबड्या पाडत, त्यावर तिनं मला ठेवलं. घरात सगळे गोंडी बोलत आणि मला त्यातलं अक्षर कळत नसे. दूरसंचाराचा एवढा मोठा ग्रंथ, आणि चुलीपासून टोपलीपर्यंतचं बोलणं त्याला समजेना! पुढे कान तयार झाला. मी मात्र हे तुम्हाला मराठीतच सांगतोय.

पेरमेट्यात मोबाईल पुष्कळ होते, पण ते गाणी ऐकायला आणि फोटो काढायला. फोन लावायचा तर गावाला लागून असलेली टेकडी चढावी लागे. माथ्यावर कुठल्या तरी दूरच्या टॉवरचा सिग्नल येई. मी यायच्या आदल्या पावसाळ्यात सोमारीच्या कळा वेळेआधीच सुरू झाल्या. सोमारी म्हणजे शेजारघरची सून. बुधरी टेकडी चढली, ॲम्ब्युलन्सला फोन केला, घसरत खाली आली. गाडी फाट्यापर्यंत आली, पण तोवर बाळ गेलं होतं. “चढायले लागला तेवढाच वेळ कमी पडला,” असं अहेरीच्या डॉक्टरांनी बुधरीला सांगितलं. ती हे कुणाशी बोलत नसे. घरात एकदाच बोलली, माझ्यासमोर. मी झाकणावर होतो.

म्हणून टॉवर मंजूर झाल्याचं कळलं तेव्हा गाव आनंदलं. मोजणी करायला एका कंपनीचा इंजिनिअर आला, हेमराज. सावली गावाकडचा, तिशीतला, बोलायला मोकळा. त्यानं जागा दाखवली ती टेकडीच्या पलीकडे, तीन किलोमीटरवरच्या फाट्यावर, डांबरी रस्त्याला लागून. गावच्या ठरावावर सह्या घ्यायला तो ग्रामसभेत आला.

“मंधात टेकडी हाय ना, सर,” दीपाली म्हणाली.

“टॉवर उंच आहे. वरून रेघ मारली तं टेकडीवरच्या झाडांच्या तीन मीटर वरून जाते. पोचते तुमच्या गावाले.”

तेव्हा बुधरीनं मान वर केली. “आमची पोरगी याच्यातलंच शिकली. तिले पाहू द्या.”

आणि मला बोलावणं आलं. झाकणावरून उचललं, पदरानं पुसलं, सगळ्या गावासमोर पारावर ठेवलं. पोरं भोवती जमली. माझ्या आयुष्यात मला एवढे श्रोते कधी लाभले नव्हते. दीपालीनं पान चारशे एकतीस उघडलं. रेडिओची लहर दोरीसारखी सरळ, बारीक जात नाही. ती मधोमध फुगते आणि दोन्ही टोकांना निमुळती होते. त्या फुगवट्याला किती मोकळी जागा लागते, याचं सूत्र तिथे चौकटीत छापलं आहे. दीपालीनं आकडे घातले. उत्तर आलं, अर्धा मीटर.

हेमराज हसला. “माझ्याकडे तीन मीटर आहे. तुझ्याच पुस्तकानं माझी जागा पास केली.”

मी गर्वानं ताठ झालो. इंजिनिअर आणि मी, आम्हा दोघांचं एकमत! दीपालीचं तोंड मात्र उतरलं. सह्यांचा कागद फिरू लागला. तो सोमारीपाशी आला तेव्हा तिनं तो मांडीवर ठेवला.

“म्हंजे फोन माह्या घरून लागंल?” तिनं विचारलं.

“पुस्तक तं हो म्हणते,” दीपाली म्हणाली.

“तू काय म्हणते?”

दीपाली माझी मागची पानं चाळू लागली. माझ्या साऱ्या प्रश्नसंचांत हा प्रश्न कुठेच नाही.

बुधरीनं सोमारीच्या मांडीवरचा कागद उचलून त्याची घडी केली. “सह्या उद्या होतीन, इंजिनिअरभाऊ. आज आमच्याकडे जेवा.”

त्या दुपारी दीपाली पडवीत बसली, ती चारशे एकतिसावं पान उघडून नाही. चौकटीतलं सूत्र तिनं बाजूला ठेवलं आणि मागच्या प्रकरणात जाऊन ते पहिल्यापासून स्वतः मांडत आणलं. आशाच्या जुन्या फॉर्मच्या कोऱ्या बाजूवर ती लिहीत होती. उत्तर आलं सोळा मीटर. तिला वाटलं, आपलंच चुकलं. पुन्हा केलं, सोळा. उन्हं कलली तेव्हा तिसऱ्यांदा केलं, तरी सोळाच. मग तिनं मला जवळ ओढलं आणि चौकटीखालची बारीक ओळ वाचली. वारंवारिता, म्हणजे फ्रिक्वेन्सी, कशात मोजायची, ते तिथे लिहिलं आहे. तिथे छापलं होतं ‘मेगाहर्ट्झ’. हवं होतं ‘गिगाहर्ट्झ’. एका अक्षराचा फरक, आणि सूत्रात घालायचा आकडा हजारपट वेगळा; वर्गमूळ काढल्यावर उत्तर बत्तीसपट.

काय सांगू तुम्हाला. वर्षानुवर्षं खिडकी अडवून धरली, त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. त्या पडवीत मात्र वाटलं, कोंबड्यांनी मला टोचून खाल्लं असतं तर बरं झालं असतं. मला पहिल्यांदा कुणीतरी मनापासून उघडलं, आणि मी तिला भर सभेत खोटं पाडलं. दीपालीनं निळ्या पेनानं ‘मे’ खोडला, वर ‘गि’ लिहिला. पेन कागदात रुतला. मला ते योग्यच वाटलं.

सकाळी हेमराजनं तिचे कागद उभ्याउभ्या वाचले, मग बसून वाचले. मग मला हातात घेऊन मुखपृष्ठ पाहिलं आणि डोक्याला हात लावला. “अरे, हेच ते! याच पुस्तकावरून मी दोनदा नापास झालो होतो. आता समजलं काऊन.”

“मंग जागा?” दीपालीनं विचारलं.

त्यानं मला खाली ठेवलं. मग म्हणाला, “खरं सांगू? फाट्यावर रस्ता आहे, सामान उतरवायले सोपं, म्हणून तिथी ठरलं. रेघ मी मारली, तुझ्यासारखा हिशोब कोनी केलाच नाई. तीन मीटरनं तुमच्या गावाले काई भेटणार नाई.”

“टेकडीवर लावा.”

“वर ट्रॅक्टर चढत नाई.”

“रस्ता आमी करतो,” बुधरी म्हणाली.

हेमराज टेकडी चढून गेला आणि ऑफिसला फोन लावला. पाऊण तासानं खाली आला तो घामानं भिजून. रस्ता झाला तर जागा बदलू, असं ऑफिसनं सांगितलं होतं. टेकडीची जमीन गावच्या वनहक्काची. ग्रामसभेनं तिथल्या तिथे नवा ठराव लिहिला आणि त्यावर पहिला अंगठा सोमारीनं उठवला. तिनं मग अकरा दिवस रस्त्यावर दगड वाहिले. तिचा नवरा नको म्हणत होता, तिनं ऐकलं नाही.

टॉवर उभा राहायला आठ महिने लागले. आता दीपाली अहेरीत असते, टॉवरांच्या दुरुस्तीचं काम करते. जाताना तिनं मला नेलं नाही. तिला माझी गरज उरलेली नाही, आणि हे मी दुःखानं सांगत नाहीये. मी बुधरीच्या घरी आहे. माझ्या पाठीला वाळवी लागली होती, बुधरीनं कडुनिंबाचा पाला ठेवला.

गेल्या महिन्यात सोमारीला पुन्हा कळा सुरू झाल्या. सकाळची वेळ होती. बुधरीनं अंगणातूनच फोन लावला. “हो, आवाज येते,” ती म्हणाली, “गाडी पाठवा. पेरमेटा.” तेवढंच. या एवढ्याशा बोलण्यावर मी चौदा प्रकरणं खर्च केली आहेत. मुलगी झाली. अहेरीच्या दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी आली, आणि रात्रंदिवस रडते. तिचा निरोप कळायला कुणालाही माझी गरज पडत नाही.

आता एकच मागणं. माझ्या अकराशे प्रती छापल्या होत्या. त्यातली एक दुरुस्त झाली. बाकीच्या दहाशे नव्व्याण्णव कुठे कुठे खिडक्या अडवत उभ्या असतील आणि लहर अर्ध्या मीटरमधून जाते, असं छातीठोक सांगत असतील. तुम्हाला एखादी सापडली तर पान चारशे एकतीस उघडा. चौकटीखालची बारीक ओळ. पेन निळाच पाहिजे असं नाही.